पहिली चाल उसनी असू द्या
(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी या गावात आयुष्यभर पेटी शिकवली. आधी अलंकार, मग भूप, मग यमन, मग काफी-खमाज असा त्यांचा क्रम. हा क्रम एकट्या त्यांचा नाही, साऱ्या महाराष्ट्राचा आहे, आणि त्यात खोट काढायला मी इथे आलेले नाही. पण एक गोष्ट त्या क्रमात कुठेच बसत नाही. चित्रकलेच्या वर्गात पोरगं पहिल्याच दिवशी स्वतःचं घर आणि स्वतःचा डोंगर काढतं. चौथीतल्या मुलाकडून आपण निबंध लिहून घेतो, आणि तो कितीही कच्चा असला तरी ‘आधी कालिदास वाचून ये’ असं त्याला कोणी सांगत नाही. गाण्यात मात्र विशारद झालेली, मैफली करणारी माणसं मला भेटतात, ज्यांनी उभ्या जन्मात चार ओळींना चाल लावलेली नसते. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: “आमची कुठे तेवढी तयारी?”

माझं म्हणणं एवढंच आहे की ती तयारी चाली लावूनच होते. आणि पहिल्या चाली दुसऱ्याच्या असल्या तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मराठी संगीतानं स्वतः अशीच सुरुवात केली.

३१ ऑक्टोबर १८८० या दिवशी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. त्याच दिवसापासून आपण संगीत नाटकाचं वय मोजतो. ते लिहिणारे आणि बसवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे. त्यामुळे त्यांच्या कानात कानडी पदं होती, कीर्तनातल्या साक्या आणि दिंड्या होत्या, ओव्या होत्या, लावण्या होत्या. शाकुंतलातल्या पदांसाठी त्यांनी हेच सगळं वापरलं. शब्द नवे, प्रसंग नवा, चाली मात्र लोकांच्या ओळखीच्या. यात चोरी होती का? नाटकाचं जुनं छापील पुस्तक उघडून बघा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द छापलेला असतो आणि त्यापुढे ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे पहिले दोन-तीन शब्द. उसनवारी अशी उघड, छापून सांगितलेली. त्यामुळे सोयही मोठी झाली. स्वरलिपी न वाचणारा माणूसही मूळ गाणं माहीत असलं की नवं पद पुस्तकातून थेट गाऊ शकायचा.

पुढे १९११ साली खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं. त्याला संगीत दिलं गोविंदराव टेंब्यांनी. गोविंदराव पेटीवादक, देशभरातल्या गवयांना साथ केलेले, ऐकलेलं सगळं बोटांत साठवलेले. त्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्यांच्या आणि चिजांच्या आधारानं चाली बांधल्या, आणि मराठी रंगभूमीचा आवाजच पालटला. म्हणजे इथेही उसनं होतंच. फरक कुठे पडला? किर्लोस्करांनी चाल जशीच्या तशी उचलली आणि शब्द तिच्या मापाचे कापले. टेंब्यांनी चाल मोडली, वळवली, तिच्यातली जागा काढून दुसरीकडे बसवली, नटाच्या गळ्याकडे बघून तिला आकार दिला. हेच गोविंदराव १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या बोलपटात हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांनीच दिलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आलं. केशवराव भोळ्यांनी त्यात मोजकीच गाणी ठेवली आणि त्यांच्या चाली त्या त्या पात्राच्या त्या क्षणीच्या मनातून काढल्या. पाठीशी अमुक एका गाण्याची चाल आहे, असं तिथे सांगता येत नाही.

उचलणं, वळवणं, मग स्वतःचं काढणं. रंगभूमीला या वाटेनं जायला अर्धशतक लागलं. शिकाऊ माणसाला तेवढा वेळ लागणार नाही, पण यातला एखादा मुक्काम गाळून त्याला पुढे जाता येईल असं मला वाटत नाही. पहिल्याच दिवशी ‘अगदी नवीन, कुणीच न ऐकलेलं’ करायला बसतो तो तासभर कोरा बसतो आणि उठून जातो.

आता उचलण्याच्या मुक्कामाबद्दल थोडं. या कामाला आपण फार हलकं समजतो. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर ज्या ओव्या रचल्या त्यांच्या चाली थोड्याच होत्या, शब्दांना मात्र अंत नव्हता. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या बायकांपैकी कुणी गाण्याच्या क्लासला गेलेली नव्हती. माहेर, सासर, भाऊ, पंढरपूर, जे सुचेल ते त्या चालत्या दगडाच्या लयीत बसवत गेल्या. अक्षर वाढलं तर ते कुठे आवळायचं, कमी पडलं तर कुठे ‘गं बाई’ घालायचं, हे त्यांना कळत होतं. चालीत शब्द बसवण्याचं याहून मोठं शिक्षण मला माहीत नाही. भोंडल्याची गाणी, पाळणे, डोहाळे, सगळं याच वळणाचं.

आणि साच्यात राहून माणूस किती उंच जातो त्याचं एक उदाहरण सांगते. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात शांताराम आठवले यांनी ‘आधी बीज एकले’ हे गीत लिहिलं. संगीत केशवराव भोळ्यांचं. अभंगाचा साचा आठवल्यांनी इतका आत्मसात केला होता की अनेकांनी ते तुकोबांचंच मानलं. गाथेत शोधणारेही निघाले. उसन्या साच्यात काम करणं कमी दर्जाचं असतं असं म्हणणाऱ्यांनी हे गीत पुन्हा ऐकावं.

म्हणून माझ्या वर्गात येणाऱ्या माणसाला मी आधी ओळखीच्या चालीवर चार ओळी लिहायला लावते. चाल निवडताना मात्र सांभाळून. पुष्कळ जण थेट हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीला हात घालतात. ती चाल गळ्यावर चढेपर्यंतच महिना जातो. तिच्यात शब्द बसवणं पुढचं. त्यापेक्षा वसंत प्रभू घ्यावेत. पी. सावळारामांचे शब्द, वसंत प्रभूंची चाल आणि लताबाईंचा आवाज अशी कितीतरी गाणी आपल्या घराघरांत आहेत. ‘गंगा जमुना’ ऐकताना वाटतं, यात काय आहे, हे तर मलाही सुचलं असतं. तसं वाटायला लावणं फार अवघड असतं. एक-दोन ओळी त्या चालीत बसवून पाहिल्या की चाल आतून कशी उभी आहे ते दिसायला लागतं: श्वास कुठे ठेवलाय, उंच सूर कोणत्या अक्षरावर आहे, ओळ परत ध्रुवपदाकडे कशी वळते.

आता शब्दांकडे येते, कारण माझ्या मते मराठीत चाल लावायची म्हणजे पहिलं काम कानानं शब्द मोजण्याचं आहे. यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ नावाचं पुस्तक लिहिलं. ज्याला चाली लावायच्या आहेत त्यानं ते वाचावंच. मी इथे तुम्हाला एक साधं वाक्य देते. कविता नाही, दारात उभं राहून आपण म्हणतो तसलं: ‘उद्या सकाळी लवकर ये.’

मात्रा मोजू. ‘उद्या’ मध्ये जोडाक्षरामुळे ‘उ’ जड होतो, म्हणून चार. ‘सकाळी’ पाच. ‘लवकर’ चार. ‘ये’ दोन. एकूण पंधरा. तीनतालाच्या सोळा मात्रांत हे वाक्य बसतं आणि एक मात्रा श्वासाला उरते. म्हणजे ताल तर ठरला. आता प्रश्न समेचा. पहिल्याच मात्रेवरून उठलात तर सम ‘उद्या’वर पडेल; ऐकणाऱ्याला कळेल की आजचा बेत मोडलाय. बाराव्या मात्रेवरून उठा. मग सम ‘सकाळी’तल्या ‘का’वर येईल, जिथे बोलतानाही आपण वजन देतो. अर्थ झाला, संध्याकाळी नको. आठव्या मात्रेवरून, म्हणजे खालीच्या एक मात्रा आधी उठलात, तर सम ‘लवकर’च्या ‘ल’वर. याचा अर्थ असा की मागच्या खेपेला पाहुणा उशिरा आला होता! आणि चौथ्या मात्रेवरून उठलात तर सगळं वाक्य सरकत सरकत ‘ये’वर येऊन टेकतं. ती विनवणी झाली. सूर अजून एकही लावलेला नाही, नुसत्या टाळ्या वाजवतोय, आणि एकाच वाक्याची चार गाणी झाली. टाळी देत घरी म्हणून बघा. मोठ्यानं म्हणा, मनातल्या मनात याचा उपयोग नाही.

याच वाक्याचा खून कसा करायचा तेही सांगते. ‘लव’वर थांबा, श्वास घ्या आणि ‘कर ये’ पुढच्या तुकड्यात घाला. समोरच्याला ‘कर ये’ एवढंच ऐकू येईल आणि तो काय करायचं या विचारात पडेल. गाण्यात शब्द तुटतात ते असे. नामवंतांच्या गाण्यांतही तुटलेले शब्द सापडतात, आणि चालीच्या गोडव्यात आपण ते खपवून घेतो. नवख्यानं खपवून घेऊ नये, कारण त्याच्याकडे तेवढा गोडवा अजून नाही.

वृत्तं आणि छंद इथे कामाला येतात. समर्थांचे मनाचे श्लोक आपण लहानपणी पाठ केले, ते भुजंगप्रयातात आहेत: लघु-गुरू-गुरू, पाच मात्रांचा एक गण, ओळीत असे चार. वीस मात्रा. झपतालाची दोन आवर्तनं त्यात जन्मतःच आहेत. तेच तुम्ही केरव्यात बसवायला गेलात तर प्रत्येक गणाला कुठेतरी ताणावं लागतं. बसवू नका असं नाही. छान चाली झाल्या आहेत तशा. आपण काय ताणलं ते कळलं पाहिजे. अभंगाचं गणित तर याहून मजेदार आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. भजनी ठेका आठ मात्रांचा. सहा अक्षरं आठ मात्रांत पसरायची म्हणजे दोन मात्रा मोकळ्या उरल्या. त्या दोन मात्रा पहिल्या अक्षरापाशी खर्च करायच्या की शेवटच्या, की मधे कुठेतरी एकेक वाटायची, यातच चाल जन्माला येते. आपल्या दिंड्यांत एकाच अभंगाच्या किती चाली ऐकायला मिळतात! बहुतेक फरक या दोन मोकळ्या मात्रांचा असतो.

मग सूर. याची लोकांना सगळ्यात जास्त भीती वाटते आणि यावर मला सगळ्यात कमी बोलायचं आहे, कारण सूर बोलून समजत नाहीत. एक प्रयोग मात्र सांगते. घरी पेटी असेल तर फक्त काळ्या पट्ट्या वापरा. पांढऱ्यांना हातच लावू नका. काळी तीन ‘सा’ धरून वर गेलात तर भूपाचे सूर मिळतात. काळी एक ‘सा’ धरा, त्याच पाच पट्ट्या दुर्गा होतात. काळी दोनवरून धानी, काळी चारवरून मध्यमाद सारंग आणि काळी पाचवरून चक्क मालकंस. पट्ट्या त्याच, बोटं तीच, बदललं ते घर. याला शास्त्रात मूर्च्छना म्हणतात. पाच सुरांची नुसती ओळ हाती आली म्हणजे राग हाती आला असं नाही, हे इथल्या गाणाऱ्यांना सांगायला नको. पण चाल लावणाऱ्या नवख्याला या पाच पट्ट्यांचा फार आधार असतो. शेजारशेजारचे अर्धे सूर त्यांत नाहीत, त्यामुळे कानाला टोचेल असं सहसा काही निघत नाही. आपली पंधरा मात्रांची ओळ काळी तीनवरून एकदा बांधा. मग बोटांची चाल शक्य तितकी तशीच ठेवून काळी पाचवरून गा. संध्याकाळचं बोलावणं मध्यरात्रीचं होऊन जातं.

आणखी एक. भूप आणि देशकार यांचे सूर पाचही तेच आहेत. भूपात गंधाराला मान, देशकारात धैवताला. सूर कोणते हे विचारण्याआधी थांबायचं कुठे हे विचारा. नवख्याच्या चालीत मला नेहमी दिसतं की प्रत्येक ओळ ‘सा’वर येऊन बसते. चार ओळी, चारदा ‘सा’. कारण तिथे सुरक्षित वाटतं. पण पहिली ओळ गंधारावर सोडा, दुसरी पंचमावर, तिसरी कुठेतरी अधांतरी रिषभावर ठेवा आणि चौथीला मग घरी जाऊ द्या. ऐकणारा तुमच्याबरोबर थांबून राहतो ते तिसऱ्या ओळीमुळे.

अंतरा तार ‘सा’ला नेलाच पाहिजे, ही दुसरी सवय. कोणी सांगितलं? कवी आवाज खाली आणून काही सांगत असेल आणि संगीतकार गळा फाडून वर चाललेला असेल तर दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय. नवख्यानं आपल्या गळ्यात जेवढे सूर सहज येतात त्यांच्यातच रचावं. घरोघरच्या आरत्यांच्या चाली बघा, मोजक्या सुरांत फिरतात, म्हणून तर शंभर माणसं एका पट्टीत त्या म्हणू शकतात.

लोकगीतांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले ते क्षयाचा आजार घेऊन. गाणं बंद. काही वर्षं ते अंथरुणावर होते आणि खिडकीबाहेरून माळव्याच्या बायकांची गाणी ऐकू येत होती. त्यांनी ती ऐकली, नंतर गोळा केली, त्यांची स्वरलिपी केली आणि त्यांत दडलेल्या रागांची बीजं शोधली. ‘धुनउगम’ राग म्हणून जे त्यांनी पुढे मांडले, मालवती, लगनगंधार, संजारी वगैरे, त्यांचं मूळ तिथे आहे. त्यांच्या बंदिशींचं ‘अनूपरागविलास’ हे पुस्तक १९६५ चं. लक्षात घ्या, ते तेव्हा नवखे नव्हते. लहानपणापासून मैफली गाजवलेला तो गवई होता. तरीही नवं रचायची वेळ आली तेव्हा ते कान देऊन दुसऱ्याची गाणी ऐकत बसले. आपल्या गावात धनगरी ओव्या आहेत, कोळीगीतं आहेत, गोव्याकडे फुगडी-धालोची गाणी आहेत. चाल सुचत नाही अशी तक्रार करणाऱ्याला मी विचारते, गेल्या महिन्यात तू कुणाची आजी गाताना ऐकलीस?

या टप्प्यावर हमखास एक प्रश्न येतो: “माझी चाल कुणासारखी तरी होतेय, काय करू?” होणारच. तुमच्या कानात हजार गाणी आहेत, ती बाहेर येतील. ओळखू आली की टाकू नका. तिची सम हलवा. लय निम्मी करा. ती सहा मात्रांची असेल तर सातांत बसवून बघा, दादऱ्याचं रूपक करा. एक शुद्ध सूर कोमल करा. एवढं करूनही ती तीच ऐकू आली तर मग तुम्ही चाल लावलेली नाही, गाणं आठवलंय. तेव्हा मात्र प्रामाणिकपणे कागदावर ‘चाल’ लिहून मूळ गाण्याचं नाव टाका, आपल्या जुन्या नाटककारांसारखं. यात काही कमीपणा नाही.

जपून ठेवायचं कसं? पूर्वी आठवणीवर भिस्त असायची. आता खिशात फोन आहे. गुणगुणलात की लगेच ध्वनिमुद्रण करा, पट्टी तोंडानं सांगा, मग गा. पण एवढ्यावर थांबू नका. भातखंड्यांची स्वरलिपी शिकायला फार वेळ लागत नाही: कोमल सुराखाली रेघ, मंद्र सुराखाली टिंब, तार सुरावर टिंब, मात्रांचे खण. चाल लिहायला बसलं की कळतं, आपल्याला जे ठाम वाटत होतं ते दर वेळी वेगळंच गात होतो. लिहिलेली चाल दुसऱ्याला देता येते, आणि दुसऱ्यानं ती गायल्याशिवाय तिच्यातलं काय टिकतं ते तुम्हाला कळत नाही.

वाद्यमेळाबद्दल दोनच वाक्यं बोलणार होते, थोडी जास्त होतील. हिंदी चित्रपटांच्या सुवर्णकाळात चाल एकाची असायची आणि वाद्यवृंदाचं लेखन बहुधा दुसऱ्याचं. ते दुसरे पुष्कळदा गोव्याचे. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, ही त्यांतली मोठी नावं. चर्चच्या शाळेत लहानपणी पाश्चात्त्य स्वरलेखन शिकण्याची परंपरा गोव्यात होती, तिचं हे फळ. अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलालांचे गुरू. पण त्यांच्या हातात येईपर्यंत चाल पुरी झालेली असायची, एका पेटीवर किंवा नुसत्या गळ्यावर उभी राहिलेली. आज उलट होतं. नवखा माणूस संगणकावर आधी ढोल, मग तंतुवाद्यांचा गालिचा, मग बासरी टाकतो आणि त्या गर्दीत चाल शोधायला लागतो. तानपुरा लावा, एक ठेका लावा, बाकी सगळं बंद. तिथे चाल उभी राहिली नाही तर साठ व्हायोलिनं तिला उभी करणार नाहीत. शब्द टाकले की गाणं करून देणारी यंत्रंही आता आली आहेत. गाणं हवं असेल तर खुशाल वापरा. मात्र चाल लावायला शिकायचं असेल तर ‘लवकर’च्या ‘ल’वर सम का, हे तुमच्या जागी ते यंत्र ठरवू लागलं की शिकणं तिथेच थांबतं.

कुणाच्या कवितेला चाल लावायची, हाही व्यवहाराचा प्रश्न आहे. घरी सरावासाठी कुणाचीही घ्या. पण ध्वनिमुद्रण करून लोकांपुढे ठेवायचं असेल तर कवीच्या निधनानंतर साठ वर्षं आपल्याकडे हक्क राहतात. संतांचे अभंग, केशवसुत, बालकवी यांना हात घालायला अडचण नाही. हयात कवीला विचारायला संकोच करू नका. आपल्या ओळी कुणीतरी गाऊ पाहतंय हे ऐकून रागावलेला कवी मी अजून पाहिलेला नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी सांगते: चाल पुरी करणं. ध्रुवपद सगळ्यांना सुचतं. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांच्या वह्या आणि फोन ध्रुवपदांनी भरलेले आहेत, अंतरा एकालाही नाही. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, दर आठवड्याला एक नवं गीत. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, चाल लावायची, गायक-वादकांनी बसवायचं आणि ठरलेल्या वेळी ते लोकांच्या कानांवर पडायचं. अशी ५६ गीतं झाली. त्यांची प्रतिभा आपल्याकडे नसेल, पण आठवड्याची मुदत आपण लावून घेऊ शकतो. शनिवारी रात्री जशी असेल तशी चाल पुरी करायची, कुणालातरी ऐकवायची आणि रविवारी दुसरी घ्यायची. वाईट चालींची संख्या वाढल्याशिवाय बरी चाल हाती लागत नाही, आणि ती लागली हे आपल्याला स्वतःला बहुधा उशिरा कळतं. आधी कळतं ते ऐकणाऱ्याला. स्वयंपाक करता करता तो ती गुणगुणायला लागतो.

आता संयोजकांना एक विनंती. आपल्याकडच्या प्रत्येक समारंभात ईशस्तवन असतं, स्वागतगीत असतं. शब्द कुणीतरी हौसेनं लिहितं आणि ते एखाद्या गाजलेल्या सिनेमाच्या चालीवर म्हटलं जातं. पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेच्या स्वागतगीताला गावातल्याच एखाद्या नवख्याकडून चाल लावून घ्या. गुरुजींच्या शिष्यांपैकी कुणाकडून, शाळेतल्या एखाद्या मुलीकडून, निवृत्त झाल्यावर पेटी शिकायला लागलेल्या एखाद्या काकांकडून. दोन महिने आधी शब्द त्यांच्या हातात द्या. चाल कच्ची असेल, ती तशीच गाऊ द्या. आणि निमंत्रणपत्रिकेत अध्यक्षांच्या आणि वक्त्याच्या नावाबरोबर एक ओळ वाढवा: चाल, आणि त्यापुढे लावणाऱ्याचं नाव.